सुरीला पाणी कोणी दिलं

आमच्या घरात सगळ्यात हुशार मी, असं माझं यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत मत होतं. यवतमाळच्या एका कॉलेजात मी परीक्षा विभागात लिपिक आहे. दिवसभर पास-नापास बघायचं, चूक पकडायची आणि ती कोणाची ते शोधून त्याच्या नावानं चिठ्ठी काढायची, हे माझं काम. त्यामुळे कुठेही काही बिघडलं की त्याला एकच कारण असतं आणि ते मला सापडणारच, असा मला पक्का भरवसा होता. स्वभाव तापट आहे. तो बाबांवर गेलाय, असं आई म्हणते आणि म्हणताना हसते. ती का हसते ते विचारायचं मला कधी सुचलं नाही.

बाबांचं नाव गोविंदा. ढाणकीत त्यांची भट्टी आहे, घराला लागूनच, टिनाच्या छपराची, बिनखिडकीची. जीपच्या कमानीचे जुने पाटे आणायचे, तापवायचे, ठोकायचे आणि त्यातून सुऱ्या काढायच्या. भाजीवाल्यांच्या, खाटकांच्या, केळीचे घड उतरवणाऱ्यांच्या. कारखान्यातली चकचकीत सुरी बाजारात ढिगानं मिळते, तरी ज्याचं पोट सुरीवर आहे तो आमच्याच दारी येतो. सुरीच्या पात्यावर मुठीजवळ तीन टिंबं ठोकलेली असतात. ती आमच्या घराची खूण.

सुरी ठोकून, कानशीनं घासून झाली की तिला पाणी द्यायचं असतं. म्हणजे पुन्हा तापवायची आणि नेमक्या रंगावर आली की दगडी कुंडीतल्या पाण्यात बुडवायची. नंतर विस्तवाच्या कडेला थोडी शेकायची, पण ते सोपं. सगळी मेख त्या रंगात आहे. लोखंड आधी जांभळं होतं, मग लाल, मग पळसाच्या फुलासारखं आणि मग हळदीसारखं. पळसावर काढली तर सुरी जमली. आधी काढली तर धार मऊ राहते, उशिरा काढली तर ठिसूळ होते. मधला वेळ एका श्वासाचा. जमली की नाही हे बघायला बाबा पितळी तांब्याच्या काठावर धार टेकवून दाबतात. धार किंचित वाकून परत सरळ झाली तर पास. वाकलेली तशीच राहिली किंवा तिची खपली उडाली तर नापास. ही परीक्षा मला लहानपणापासून फार आवडते, कारण तिच्यात पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येत नाही.

आमच्या भट्टीचे दोन नियम आजोबांच्या वेळपासूनचे. पहिला, सुरी आगीत असताना कोणी बोलायचं नाही. गिऱ्हाईक आलं तरी नाही, फोन वाजला तरी नाही. लोखंडाचं लक्ष उडतं, असं आजोबा म्हणत. दुसरा, ज्यानं सुरीला पाणी दिलं त्यानंच तिच्यावर टिंबं मारायची. गेली अडतीस वर्षं ती बाबा मारत आले. आणि अडतीस वर्षं त्यांच्या डाव्या हाताला बसून आई पंखा फिरवत आली. मोठं लोखंडी चाक, त्यावर पट्टा आणि फिरवायला लाकडी मूठ. चाक फिरलं की भट्टीला वारा लागायचा. हे काम कोणीही करू शकतं, असं मी समजत होते.

तर अशा घरात मी यंदा दोन पुण्याची कामं केली. जानेवारीत बाबांना यवतमाळला आणून त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढवले. आणि आईचा खांदा दुखतो म्हणून भट्टीला विजेचा ब्लोअर आणून बसवला. "आता तू फक्त आराम कर," मी आईला सांगितलं. बाबांनीही सांगितलं. दोघांनी मिळून सांगितल्यावर ती काय बोलणार?

डोळे उघडल्यावर बाबा पंधरा दिवस नुसते बघत होते. "आभाळ इतकं निळं कवापासून झालं?" असं त्यांनी मला फोन करून विचारलं होतं. आईला म्हणाले, "तुहे केस इतके पांढरे कवा झाले वो?"

"तुम्ही पाहत नव्हते तवा," आई म्हणाली.

डॉक्टरांनी दोन महिने धुरात जायला मनाई केली होती. गुढीपाडव्याला बाबांनी भट्टी पुन्हा पेटवली. आणि महिन्याभरात मटणाचं दुकान असलेले अमरसिंग एक सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून परत घेऊन आले. फार भिडस्त माणूस. सुरी समोर ठेवून ते पाच मिनिटं पावसापाण्याचंच बोलत राहिले, मग म्हणाले, "गोविंदाभाऊ, याची धार लोळून राह्यली. माह्याच हातानं काही झालं असन." चार दिवसांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाची आली. तिची खपली उडाली होती. मग आणखी. आमच्या दारातून सुरी परत आल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी बाबांचा फोन आला. "ममता, माहा हात गेला."

"कुठं गेला?" मी घाबरून विचारलं.

"गेला म्हणजे गेला. सुऱ्या बिघडून राह्यल्या. डोळे आले अन् हात गेला. रविवारी मुकुटबनहून इंद्रजित टेम्पो घेऊन येते, ऐरण त्याले देऊन टाकतो."

इंद्रजित म्हणजे बाबांचा चुलतभाऊ, त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. आमची ऐरण त्याच्याकडे गेटच्या सळ्या वाकवायला जाणार, या विचारानंच माझं डोकं फिरलं. पण राग ओसरल्यावर भीती वाटली. ऐरण गेली की भट्टी संपली. अडुसष्ट वर्षांचा माणूस, ज्याला ठोकण्याखेरीज दुसरा नाद नाही, त्यानं दिवसभर बाजेवर बसून नव्या डोळ्यांनी बघायचं तरी काय? आणि हे सगळं मी डोळे उघडून दिल्यानंतर झालेलं. मी रजा टाकली आणि गुरुवारी पुसद, उमरखेड करत ढाणकीला पोचले. हातात तीन दिवस होते. कारण एक असणार आणि ते मी शोधणार होते.

शुक्रवारी सकाळी मी वहीत रकाने आखले. पाटा कुठला, पाणी कुठलं, कोळसा कोणता, निकाल काय. सुऱ्यांना क्रमांक दिले. बाबा तेरा पाती ठोकून, घासून तयार ठेवून बसले होते, फक्त पाणी द्यायचं बाकी.

"हे लिहून काय होते?" बाबा म्हणाले.

"चूक कोणाची ते समजते."

"चूक माही आहे. लिहून टाक अन् वही मिट."

मी ऐकलं नाही. पहिल्या दोन सुऱ्या एकाच पाट्याच्या, एकाच पाण्यातल्या. ब्लोअर सुरू केला की भट्टीत वाऱ्याचा एकसारखा भोंगा सुरू व्हायचा आणि बाबा सांडशीत सुरी धरून वाकून बघत राहायचे. मी तोंडावर बोट ठेवून उभी. एक मऊ निघाली, एक ठिसूळ. म्हणजे पाट्याचा दोष नाही. पाणी बदललं. कुंडीतलं बोअरचं पाणी काढून विहिरीचं भरलं. एक ठिसूळ, आणि चौथी चक्क पास. मी टाळ्या वाजवल्या आणि पाचवी त्याच पाण्यात घातली, ती मऊ. कोळसा बदलला, सहावी ठिसूळ. मी वहीकडे बघत बसले. मऊ पडतात म्हणावं तर ठिसूळही निघतात, आणि दोन्हींच्या मधून एक पास होऊन गेलेली. कॉपी करून पास झालेला मुलगा सापडत नाही तेव्हा होते तशी माझी स्थिती झाली. नापासांपेक्षा त्या एका पासनं मला जास्त छळलं.

"हे चौथी कशी जमली बाबा?"

"मले काय माहीत. सहाही एकसारख्याच काढल्या ना."

आई भट्टीच्या दारात सुपात तूर घेऊन खडे निवडत बसली होती. सकाळपासून तिथेच. मी दोनदा म्हटलं, "आई, धुरात कायले बसली? आत जाय."

"आराम करून राह्यली," ती म्हणाली, दोन्ही वेळा तेच, त्याच सुरात.

एक गोष्ट मी पाहिली होती, पण तिला वहीत रकाना नव्हता. सुरी आगीत असली की आईचा निवडणारा हात मध्येच थांबायचा. बाबा सुरी काढायचे, कधी त्याच्या आधी, कधी नंतर. मग हात पुन्हा सुरू. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय, खडा दिसत नसेल.

संध्याकाळी माझ्या डोक्यात डोळ्यांचं आलं. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, मोतीबिंदू असताना सगळं जरा पिवळसर, धुरकट दिसतं, तो काढला की रंग उजळ दिसतात, माणसाला सवय व्हायला वेळ लागतो. मला आनंद झाला. सापडलं! बाबा आता तोच लाल जास्त उजळ बघतात आणि म्हणून फसतात. डोळे जुने करता येत नसले तरी जुन्यासारखे करता येतील. शनिवारी सकाळी मी मिठाईच्या डब्यावरचा पिवळा पारदर्शक कागद बाबांच्या जुन्या चष्म्यावर चिकटवला. तो घालून बाबा भट्टीसमोर बसले तेव्हा त्यांची दया यावी की हसावं हेच मला कळेना.

"आता कसं दिसते?"

"पेढ्याच्या डब्यात बसल्यावानी," बाबा म्हणाले.

दोन सुऱ्या झाल्या. एक मऊ, एक ठिसूळ. मी बाबांना चिडून म्हटलं, "पण उजळ दिसते म्हणून तुम्ही आधी काढत असाल, तर सगळ्या मऊच पडाले पाहिजेत. ह्या ठिसूळ कायच्या?"

"मलेच विचारतं?"

"मंग कोणाले विचारू?"

त्यांनी चष्मा काढून ठेवला. चेहरा उतरला होता. "ममता, आधी कसं व्हायचं सांगू काय," ते हळूच म्हणाले. "मी सुरी धरून बसलो का मले आपसूक समजे. आता, असं. कोणी सांगितल्यावानी. आता मी पाहतो, पाहतो, अन् आतून कोणी सांगतच नाही. डोळे फाडून पाहतो. लाल दिसते, लालच दिसते, अन् मंग एकदम भीती वाटते का गेला. म्हून काढून टाकतो, नाईतर धरूनच बसतो."

मला एकदम रडू आलं. वही मिटली. सकाळचे अकरा वाजले होते आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो येणार होता. पाती पाच उरली होती. अमरसिंगची बदलून द्यायची सुरी त्यातच. बाबा म्हणाले, ही पाच करून पाहू आणि मग बस. मी ब्लोअरचं बटण दाबलं. काही झालं नाही. लाईट गेली होती.

शेजारी विचारलं तर कोणी म्हणे दुपारी येईल, कोणी म्हणे रात्री. बाबा उठले. त्यांना सुटल्यासारखं झालेलं दिसत होतं, आणि त्याचाच मला संताप आला. मी म्हटलं, जुना पंखा आहे ना. तो गोठ्यात पोत्यांखाली पडला होता. आम्ही दोघांनी ओढत आणला, पट्टा चढवला. मूठच नव्हती. चाकावर नुसता दांडा.

"मूठ भंगारात गेली असन," बाबा म्हणाले.

आई सूप खाली ठेवून घरात गेली आणि तांदळाच्या कोठीतून मूठ घेऊन आली. फडक्यात गुंडाळलेली. मधोमध झिजून बारीक झालेली शिसमाची मूठ. तिनं ती कोठीत का ठेवली, हे मी विचारलं नाही. मला घाई होती. मूठ दांड्यात बसवली आणि मीच चाक फिरवायला बसले, कारण आईला आराम सांगितला होता.

चाक जड. पन्नास फेऱ्यांत माझी पाठ बोलायला लागली. बाबांनी सुरी काढली, बुडवली, शेकली, तांब्याच्या काठावर दाबली. खपली उडाली. चार उरली.

"सरक," आई म्हणाली.

"तुहा खांदा..."

"खांदा चार महिन्यापासून बसून दुखून राह्यला. सरक."

मी सरकले. आई बसली, पदर खोचला, मूठ धरली. बाबांनी दुसरं पातं विस्तवात घातलं. चाकाचा घुर्र घुर्र आवाज सुरू झाला, माझ्या हातून येत होता तसा नाही, एका लयीत. हा आवाज ऐकत मी लहानाची मोठी झाले होते आणि तो बंद झाल्याचं माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आम्ही तिघं गप्प. मी विस्तवात बघत होते. सुरी लाल झाली, आणखी लाल झाली, मग मला नुसतंच लाल दिसत राहिलं. एकाएकी आवाज थांबला. बाबांची सांडशी बाहेर आली. पाण्यात चर्र झालं.

तांब्याच्या काठावर धार वाकली आणि सरळ झाली.

बाबांनी पुन्हा दाबली. पुन्हा सरळ. मग तिसरं पातं आत घातलं. घुर्र घुर्र, थांबला, सांडशी, चर्र. पास. या वेळी मी विस्तवाकडे नाही, हातांकडे बघत होते. आईचा हात आधी थांबला होता. बाबांचा नंतर हलला. अंतर अगदी एवढंसं, पण मी जन्मभर उत्तरपत्रिकांत खाडाखोड शोधलेली बाई आहे.

सुरी आगीत नव्हती, म्हणजे बोलायला हरकत नव्हती. "आई, तू पंखा कवा थांबवते?"

बाबाच म्हणाले, "मी सांडशी उचलाले लागलो का ते थांबवते. इतक्या वर्षांची सवय."

"आई?"

आई मुठीकडे बघत होती. "मी थांबवली का ते उचलतात," ती म्हणाली.

दोघंही खोटं बोलणारी माणसं नाहीत. मी एकदा आईकडे, एकदा बाबांकडे बघितलं. बाबा हसायला गेले, पण हसू अर्ध्यात राहिलं. त्यांनी गळ्यातला दुपट्टा काढला. मला वाटलं घाम पुसतायत. त्यांनी तो डोळ्यांवर बांधला, आम्ही ज्यांच्यात जानेवारीपासून थेंब घालत होतो त्या डोळ्यांवर, आणि डोक्यामागे गाठ मारली.

"चौथं दे," ते म्हणाले.

मी सांडशीत पातं पकडून सांडशी त्यांच्या हातात दिली आणि तिचं टोक विस्तवात नेऊन ठेवलं. आईनं चाक फिरवायला घेतलं. बाबा मान जरा कलती करून बसले होते. त्यांचा चेहरा मी कित्येक दिवसांत इतका निवांत पाहिला नव्हता. भीती नाही, काही नाही, जुना चेहरा. मग आवाज थांबला, सांडशी बाहेर आली, आणि कुंडी समोर कुठे आहे हे त्या हाताला सांगावं लागलं नाही.

दुपट्टा सोडून त्यांनी धार तांब्यावर दाबली. वाकली. सरळ झाली.

त्यांनी सुरी ऐरणीवर ठेवली. मग विचारलं, "कवापासून?"

"काय?"

"तू कवापासून थांबवून राह्यली? माह्या डोळ्यात मोतीबिंदू आला तवापासून?"

आईनं पदरानं कपाळ पुसलं. तिला सांगायचं नव्हतं हे दिसत होतं. "मामाजी होते तवापासून," ती शेवटी म्हणाली. मामाजी म्हणजे तिचे सासरे, माझे आजोबा. "मी नवीनच आलती. ते मले म्हणे, सूनबाई, गोविंदाचा हातोडा चांगला आहे, पण तो उतावळा आहे, लोखंड पिकू देत नाही. तू रंग पाहत जाय. पळस झाला का पंखा थांबवत जाय, म्हणजे तो आपसूक काढीन. त्याले सांगू नको म्हणे, नाईतर तो मुद्दाम उशिरा काढीन."

बाबा उठून बाहेर गेले आणि जीपच्या जुन्या टायरवर आमच्याकडे पाठ करून बसले. ते चिडलेत, की त्यांना लाज वाटतेय, की त्यांच्या बापाशी त्यांचं मनातल्या मनात भांडण चाललंय, मला काहीच समजेना. सुऱ्या जमल्या याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी सवयीप्रमाणे दुसऱ्यावर उलटले.

"आई, महिनाभर सुऱ्या बिघडून राह्यल्या, बाबाचा जीव चालला, अन् तू दारात बसून पाहत होती. सांगितलं काहून नाही?"

"आगीपाशी बोलाचं नसते."

"आगीपासून दूर तर बोलता येते ना."

आईनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "ममता, तू वहीत सारं लिहिलं. पाटा लिहिला, पाणी लिहिलं, कोळसा लिहिला. अडतीस वर्षं तू तिथं काय करत होती, हे मले कोणी विचारलं काय? तुम्ही दोघं म्हणले आराम कर. मी आराम केला."

हुशार माणसाला आपली चूक दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची सवय नसते. आईचा हात मी परीक्षेलाच बसवला नव्हता, आणि तरी निकाल लावत सुटले होते. फार लाज वाटली. जवळ जाऊन तिच्या खांद्याला हात लावला, तर ती म्हणाली, "मले नाई, चाकाले हात लाव, तुहे बाबा आले का सुरू करू."

बाबा परत आले ते थेट आपल्या जागेवर बसले. पाचवं, शेवटचं पातं त्यांनी विस्तवात घातलं, आणि आईनं चाक फिरवायला घेतल्यावर जे आमच्या भट्टीत कधी झालं नव्हतं ते केलं. ते बोलले.

"रंग कोणता आहे आता?"

आई दचकली. हात थांबेल असं मला वाटलं, पण थांबला नाही. "जांभळा," ती हळू आवाजात म्हणाली.

"मलेही दिसते जांभळा. आता?"

"लाल होऊन राह्यला."

"आता काढू?"

"थांबा."

"आता?"

"थांबा म्हणलं ना. कडेनं पाहा, कडेचा वेगळा दिसते अजून. मधचा अन् कडेचा एक होऊ द्या."

बाबा वाकून नव्या डोळ्यांनी बघत होते. मीही बघत होते. मला शेवटपर्यंत एकच लाल दिसला. "हा," आई म्हणाली, आणि बाबांनीही त्याच वेळी "हा" म्हटलं, आणि सुरी पाण्यात गेली.

ती अमरसिंगची सुरी होती. तांब्यावर पास झाली. बाबांनी टिंबं मारायचा सुंभा आणि छोटा हातोडा उचलला, ऐरणीवर सुरी आडवी ठेवली, आणि दोन्ही वस्तू आईसमोर धरल्या.

"हे काय?"

"ज्यानं पाणी देलं त्यानं मारायचे."

"सुरी तुमची आहे. मी फक्त थांबली."

"तेच तर," बाबा म्हणाले. "मले थांबता येत नाही. घे."

आईनं पूर्वी कधी सुंभा धरला नव्हता. पहिलं टिंब हललं, दुसरं त्याच्या फार जवळ पडलं, तिसरं खाली घसरलं. तिनं तीनही झाल्यावर हातोडा खाली ठेवला आणि आतल्या आत कितीतरी वेळ हसत राहिली. दुपारी लाईट आली आणि बटण तसंच राहिल्यामुळे ब्लोअर आपोआप भोंगा करत सुरू झाला. बाबांनी जाऊन तो बंद केला. तो ब्लोअर आता माझ्याकडे यवतमाळला माळ्यावर आहे.

रविवारी सकाळी इंद्रजितचा फोन आला, निघू काय म्हणून. बाबांनी फोन आईकडे दिला. आई म्हणाली, "जेवाले ये. टेम्पो घरीच ठेव, बसनं ये."

दहाच्या सुमारास अमरसिंग आले. बाबांनी सुरी काढून दिली. अमरसिंगनी धार अंगठ्यावर अलगद पाहिली, पातं कानाजवळ नेऊन नखानं वाजवलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. मग त्यांची नजर मुठीजवळ गेली.

"गोविंदाभाऊ, सुरी पहिल्यासारखी झाली," ते नेहमीच्या भिडेनं म्हणाले. "टिंबं तेवढे वाकडे पडले. डोळ्याची सवय व्हाची आहे वाटते अजून."

"टिंबं मी नाई मारले," बाबा म्हणाले. "ज्यानं पाणी देलं त्यानं मारले."

अमरसिंगनी गोंधळून बाबांकडे पाहिलं, मग दारात तूर निवडत बसलेल्या आईकडे, मग माझ्याकडे. नियम त्यांना माहीत होता. वीस वर्षांचं गिऱ्हाईक.

"पण पाणी तर तुम्हीच देता ना?"

बाबांनी आईकडे बघितलं.

"मलेही तसंच वाटे," ते म्हणाले.